ज्वालामुखीच्या तोंडाशी घेतलेलं नाव

१९७४ साली, सप्टेंबरातल्या एका दुपारी, मी ज्वालामुखीच्या तोंडात बसून कपाळाला अमृतांजन चोळत होते.

तोंडात म्हणजे अगदी शब्दशः. किलिमांजारो हा डोंगर मुळात ज्वालामुखी, फार काळापासून निजलेला. शिखराच्या जरासं खाली त्याचं पसरट तोंड आहे. त्यातल्या राखेच्या मैदानावर आमचे तंबू लागत होते. एका बाजूला बर्फाच्या भिंती, हिरवट निळ्या, घरापेक्षा उंच. आणि कुठूनतरी गंधकाचा वास येत होता, जवळच कुणीतरी काडेपेटीच्या काड्या ओढत बसल्यासारखा. निजलेला असला तरी त्याचा श्वास चालू होता.

"डोकं दुखतंय?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो. बाटली आणलीय म्हणून लावतेय."

"मग मलाही लाव थोडं. आणलीच आहे तर."

मी त्यांच्याकडे बघितलं. हे कधी कपाळाला काही लावून घेणाऱ्यातले नव्हते. ओठ निळसर दिसत होते, पण थंडीत सगळ्यांचेच होतात. मी दोन बोटं चोळली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

हे मोशी गावातल्या शाळेत गणित शिकवायचे. सांगलीहून चार वर्षांच्या कराराने आम्ही टांझानियात आलो होतो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी ह्या डोंगराकडे उघडायची. सकाळी पोळ्या लाटताना तो दिसायचा, दहाच्या पुढे ढगांत जायचा, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी पुन्हा बाहेर यायचा, गुलाबी होऊन. चार वर्षं मी त्याच्याकडे बघत स्वयंपाक केला. कितीदा फोडणी करपली.

करार संपला. ऑक्टोबरात आगबोटीची तिकिटं होती. सामान बांधताना एका संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "मला एकदा तिथं वर जायचं होतं."

हे पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "मग जाऊ की."

मला वाटलं, चेष्टा करतायत. ह्यांना घराच्या जिन्यावरसुद्धा कठडा धरल्याशिवाय चढता यायचं नाही. पण त्यांनी खरंच सगळं ठरवलं. वसुधाला, आमच्या आठ वर्षांच्या मुलीला, शेजारच्या पटेलीणबाईंकडे ठेवलं. मी ह्यांची जुनी पँट घातली, कमरेला परकराची नाडी बांधली, वर दोन स्वेटर, आणि आम्ही निघालो.

आमचा वाटाड्या होता एलिया. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या चग्गा लोकांतला, पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा मथायो, धिप्पाड आणि हसरा, स्वयंपाक करायचा, आणि सामान वाहणारे आणखी दोघं. सगळे मला 'मामा' म्हणत. स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. पहिल्या वर्षी बाजारात कुणी मला "या मामा" म्हटलं की हे हसत सुटायचे, "तुझा भाचा बोलावतोय बघ." ह्यांना मात्र सगळे 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे मास्तर.

बेत असा होता की रात्र त्या राखेच्या मैदानावर काढायची आणि पहाटे उजाडता उजाडता शेवटचा चढ चढून माथ्यावर जायचं. तासाभराचं काम, असं एलिया म्हणाला होता. चार वर्षं लांबून बघितलेली जागा आता गच्चीवर जावं इतकी जवळ आली होती.

तंबू लागले तसा एलिया आमच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"मामा, आता मी काही विचारणार. रागावू नका. इथं हवा पातळ आहे. पातळ हवा आधी पाय पकडते, मग डोकं. ज्याचं डोकं पकडलं, त्याला मी एक रात्रही इथं ठेवत नाही. लगेच खाली."

"विचारा की," मी म्हणाले.

"तुमचं नाव?"

"अनुराधा."

"आज सकाळी काय खाल्लं?"

"मथायोची लापशी. करपलेली."

पलीकडे चूल पेटवत असलेला मथायो ओरडला, "ह्या बाईचं डोकं एकदम ठीक आहे!"

एलियाही हसला. मग त्याने ह्यांच्याकडे बोट दाखवलं. "आणि ह्यांचं नाव?"

मी हसले आणि खाली बघितलं.

आता हे कसं सांगावं! आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि मी ह्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई म्हणायच्या. मी मॅट्रिक झालेली, असलं काही मानत नव्हते. पण जीभ वळायची नाही म्हणजे नाही. दवाखान्यात नाव विचारलं की मी कागदावर लिहून द्यायचे.

"मामा, ह्यांचं नाव?" एलियाने पुन्हा विचारलं. आता तो हसत नव्हता.

मी परत हसले. पदर नव्हता म्हणून मफलर तोंडाशी धरला.

एलिया उठून उभा राहिला. "मथायो, ह्यांचं सामान बांध. खाली घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, काय सांगतोय हा!" मी ह्यांच्याकडे वळले. "सांगा ना त्याला!"

हे तंबूच्या दोरीला टेकून बसले होते आणि मजा बघत होते. "मी काय सांगू? तुला विचारलंय. सांगून टाक. तीन अक्षरं तर आहेत."

"एलिया," मी माझ्या बाजारातल्या स्वाहिलीत जुळवाजुळव करू लागले, "मला माहीत आहे नाव. पण आमच्यात बायको नवऱ्याचं नाव सांगत नाही."

"मग हाक काय मारता?"

"अहो."

"ह्यांचं नाव अहो?"

"नाही नाही. अहो म्हणजे... ऐका."

"ऐकतोय मी."

"तसं नाही! अहो ह्या शब्दाचा अर्थ, ऐका."

"ह्यांचं नाव 'ऐका' आहे?"

मथायो चुलीपाशी पोट धरून हसत होता. एलियाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, सात-आठ वर्षांपूर्वी इथंच एक बाई होती. मी तिला असंच विचारलं. ती काही बोलली नाही. गोड हसली, तुमच्यासारखी. मला वाटलं, लाजते आहे. सकाळी तिला आम्ही चौघांनी उचलून खाली नेलं. जिवंत नव्हती."

माझं हसू गेलं. ह्या माणसाला मी काय समजावणार होते? पण माथा समोर दिसत होता. बोट लावलं तर लागेल असा. आणि ऑक्टोबरनंतर मी पुन्हा कधी आफ्रिकेत येणार नव्हते.

मग मला सुचलं. नाव घ्यायची एक रीत आहे की आमच्यात! लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला घेतोच ना आपण! मी ताठ बसले, स्वेटर नीट केला, आणि नव्या नवरीसारखं म्हटलं,

"किलिमांजारोच्या डोक्यावर बर्फाचा ताज,
अच्युतरावांचं नाव घेते, वर सोडा मला आज!"

"वा!" हे म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

एलिया मात्र दोन पावलं मागे सरकला. अनोळखी भाषेत, ताल धरून, मान डोलावत बाई काहीतरी म्हणते आहे, एवढंच त्याला दिसलं.

"आता गायला लागली," तो मथायोला म्हणाला. "फार झालं."

"गात नाहीये! नाव आलं त्यात! आमच्यात नवऱ्याचं नाव कवितेतच घेतात."

"प्रत्येक वेळी नवी कविता?"

"हो."

"बाजारात नवरा हरवला तरी?"

ह्यांचं हसणं अजून थांबलं नव्हतं. खरं म्हणजे आता तो नुसता खोकला राहिला होता, कोरडा, आतून ओढून आणलेला. एलियाचं लक्ष माझ्यावरून ह्यांच्याकडे गेलं. तो ह्यांच्यासमोर जाऊन बसला.

"म्वालिमू. तुमचं नाव?"

"अच्युत."

"सकाळी काय खाल्लं?"

"लापशी," हे सावकाश म्हणाले. "बहुतेक."

"ह्या बाई कोण?"

"माझी बायको."

"तिचं नाव?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी हे सांगते आहे त्याला पन्नास वर्षं होत आली, पण ते बघणं मला आत्ता समोर दिसतं. चष्मा धुक्याने भरला होता. तो त्यांनी काढला आणि म्हणाले,

"कृष्णा."

अनुराधा हे माझं सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. त्याआधी अठरा वर्षं मी कृष्णा होते. माझा जन्म वाईचा, घर घाटाजवळ, नाव नदीवरून ठेवलेलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "मुलगा अच्युत, सून कृष्णा. एका घरात एकाच देवाची दोन माणसं कशाला? कुणाला हाक मारली ते देवालासुद्धा कळायचं नाही." सगळे हसले, आणि मी अनुराधा झाले. त्या दिवसापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. माहेरचेसुद्धा कौतुकाने नवंच नाव घेत. आणि हे? हे तर मला अनुराधाही म्हणत नसत. 'ऐक ना' म्हणायचे, किंवा 'अगं'.

एलियाने मथायोकडे बघितलं. कृष्ण त्यांना माहीत होता. मोशीतल्या प्रत्येक गुजराती दुकानात कॅलेंडरवर बासरी वाजवत उभा असायचा.

"देवाला हाक मारतोय," मथायो दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही!" मी ओरडले. "ती मी आहे! कृष्णा मीच!"

माझ्या तोंडून वाक्य निघालं आणि ते त्या दोघांना कसं ऐकू गेलं असेल ते माझ्या लक्षात आलं. एलियाने दोन्ही हात डोक्याला लावले. नवरा देवाला बोलावतोय आणि बायको म्हणते, देव मीच!

"तोंडाचं पुरे झालं," तो उठत म्हणाला. "आता पाय बघू."

त्याने काठीने राखेत एक लांब रेघ ओढली. रेघेवरून चालायचं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत. मी चालले. मंगळागौरीत ह्याहून अवघड पावलं टाकली होती. टोकाला जाऊन वळले आणि परत आले.

मग हे उठले. पहिलं पाऊल नीट पडलं. दुसऱ्याला ते डावीकडे कलले. तिसरं पडलंच नाही. एलियाने त्यांना काखेत धरलं म्हणून बरं.

"कठडा नाही इथं," हे मला म्हणाले. हसायचा प्रयत्न करत होते.

आता कुणीच हसत नव्हतं. एलियाने सांगितलं ते स्पष्ट होतं. म्वालिमूला आत्ताच खाली न्यायचं, उजेड आहे तोवर. ज्वालामुखीच्या तोंडाच्या कड्यावर चढून पलीकडच्या मुरमाच्या उतारावरून थेट खालच्या मुक्कामाच्या झोपडीपर्यंत. उंची कमी झाली की माणूस बरा होतो. मामा ठीक आहे. मामाने काय ते ठरवावं.

मी माझी पिशवी उचलली.

"ती ठेव," हे म्हणाले.

"काहीतरीच काय! तुम्हाला असं सोडून..."

"मथायो आहे ना. तू काय मला उचलून नेणार आहेस?"

"लोक काय म्हणतील? नवरा आजारी आणि बाई डोंगरावर!"

"कोण लोक? पटेलीणबाई?" त्यांना दम लागत होता. एकेक वाक्य ते मोजून टाकत होते. "ऐक ना. मी चार वर्षं ऐकतोय, फोडणी करपल्याचा वास. माझं डोकं नीट आहे की नाही मला माहीत नाही. पण हे मला कळतंय. आज खाली आलीस तर सांगलीत आयुष्यभर माझ्याकडे बघशील तेव्हा तुला हा डोंगर दिसेल. मला नाही चालायचं ते. जा वर."

वास ऐकतात का? ते तसंच म्हणाले होते.

मथायोने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. राखेतून ते दोघं लहान होत गेले. कड्यावर पोचले तेव्हा ह्यांनी वळून हात केला. मला वाटतं केला. कदाचित तोल सावरला असेल. मग ते पलीकडे उतरले.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थंडी होती. झोप नव्हती. तंबूत दोन माणसांची जागा होती आणि मी माझ्या अर्ध्या भागातच पडून राहिले.

उजाडता उजाडता मी माथ्यावर उभी होते.

कसं होतं ते विचारतात. सुंदर होतं. सूर्य वर आला तशी डोंगराची सावली ढगांवर पडली, तिकोनी आणि मैलोन् मैल लांब, आणि त्या सावलीच्या टोकावर कुठेतरी मी असणार. खाली मोशी दिसेल म्हणून मी माझी खिडकी शोधली. ढगच ढग होते. खिडकीतून मी रोज ह्या जागेकडे बघायचे तेव्हा जे वाटायचं, ते इथं वाटेल असं मला वाटलं होतं. मी त्याची वाट बघत उभी राहिले. पण माझं सगळं लक्ष पाठीमागच्या कड्याकडे होतं, जिथून ते दोघं उतरले होते.

"मामा," एलियाने माझ्या हातात चहा दिला. "काल तुम्ही म्हणालात, कृष्णा मीच. ते काय होतं?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. घाट, नदी, तांदूळ, अंगठी. मोडक्यातोडक्या भाषेत, पण त्याला कळलं.

"म्हणजे म्वालिमूने बरोबर उत्तर दिलं."

"कुणास ठाऊक."

"पण पडला."

"हो. पडले."

त्याने चहाचा घोट घेतला आणि एकदम हसायला लागला. "माझी बायको मला 'नीमाचे बाबा' म्हणते. नीमा आमची थोरली. तीस वर्षं झाली, माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं नाही. तिला वर आणलं असतं तर मी तिलाही खाली पाठवलं असतं."

"तुम्हाला ऐकावंसं वाटतं? तुमचं नाव?"

एलियाने खांदे उडवले. "ती झोपेत घेते कधीकधी," तो म्हणाला, आणि लगेच चहाचं भांडं आवरायला लागला.

उतरताना मी जवळजवळ पळाले. मुरमात पाय घोट्यापर्यंत जायचे. खालच्या झोपडीच्या दाराशी मथायो कांदे चिरत होता. मला बघून त्याने सुरीच उंचावली.

"म्वालिमू बरा आहे! झोपला, उठला, दोन वेळा जेवला!"

मी दगडावर बसले.

"मामा, तुमचा नवरा फार धार्मिक माणूस आहे हो," मथायो म्हणाला. "अख्ख्या उतारावर देवाचं नाव चालू होतं. कृष्णा, कृष्णा. पडला की कृष्णा. उठला की कृष्णा. मी म्हटलं, बोला, मोठ्याने बोला, तेवढाच तुम्हाला जोर येईल. मग मीही म्हणायला लागलो. दोघं ओरडत आलो इथपर्यंत."

ह्यांनी जन्मात कधी देवाला हात जोडले नव्हते. सासूबाईंची सगळ्यात मोठी तक्रार तीच होती.

मी आत गेले. हे फळीवर बसले होते, घोंगडी पांघरून, चष्मा पुसत. चेहऱ्यावर रंग आला होता.

मी दारात उभी राहिले. मुद्दामच. ते काय हाक मारतात ते मला ऐकायचं होतं.

"आलीस?" ते म्हणाले. "ऐक ना, दिसलं का गं सगळं नीट?"

"दिसलं."

"छान. मला वरचं काहीच आठवत नाही बघ. तू काहीतरी उखाणा घेतलास, तिथपर्यंत आठवतं. पुढचं पुसलंच गेलं."

मी म्हणाले, "पुढं काही झालं नाही. तुम्हाला चक्कर आली."

असं का म्हणाले? सांगितलं असतं तर त्यांनी समजून उमजून ते नाव घेतलं असतं. रोज घेतलं असतं, माझ्यासाठी. ते सांगून मिळालेलं झालं असतं. मला ते त्यांच्या मनाने आलेलं हवं होतं, उतारावर आलं तसं. येईल पुन्हा, असं मला खात्रीने वाटत होतं. आगबोटीवर वाटलं. सांगलीत वाटलं. वसुधाच्या लग्नात, नाव घ्यायची वेळ आली तेव्हा वाटलं. एकदा ह्यांना टायफॉइडचा ताप चढला तेव्हा मी रात्रंदिवस उशाशी बसून होते. बायका म्हणाल्या, किती सेवा करते. मी कान देऊन बसले होते.

एलियाने पुढे बारा-पंधरा वर्षं माणसं वर नेली. मग गुडघे गेले तसा तो आपल्या कॉफीच्या मळ्यात राहिला, असं ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. तो विद्यार्थी हेही म्हणाला की हिंदुस्थानी जोडपं वर आलं की एलिया बाईला नवऱ्याचं नाव विचारत नसे, सरळ रेघ ओढायचा. मथायोने मोशीत बसस्टँडजवळ खाणावळ घातली. तो साठीच्या आतच गेला, कशाने ते कळलं नाही. वसुधा पुण्यात असते. तिला मोशीतल्या फक्त पटेलीणबाई आठवतात, कारण त्यांच्याकडे तिला आठवडाभर रोज जिलबी मिळाली होती.

हे २००८ साली गेले. जेवून पडले ते उठलेच नाहीत. दुपारी मी त्यांना शेवटचं ऐकलं ते, "ऐक ना, पंखा जरा कमी कर."

मी एकोणऐंशी वर्षांची आहे. वाईचं घर आता नाही. सांगलीच्या ह्या घराला पूर्वेकडे खिडकी आहे आणि तिच्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. वसुधाचा मुलगा ट्रेकिंगला जातो. त्याने मला परवा विचारलं, आजी, पुन्हा एकदा किलिमांजारोवर जावंसं वाटतं का गं?

वाटतं. पण माथ्यापर्यंत नेऊ नका मला. त्या मुरमाच्या उतारावर सोडा, मथायो आणि हे उतरत होते त्यांच्या दहा पावलं मागे. मी मध्ये बोलणार नाही. नुसती चालेन त्यांच्यामागून, खाली झोपडी येईपर्यंत.